डिप दहा मिनिटांचा, पहारा अडीच महिन्यांचा

खान्देशात समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ (कोरल) घरात ठेवणारे मोजकेच. जळगाव, भुसावळ, धुळे मिळून एका व्हॉट्सॲप ग्रुपात सगळे मावतात. मुंबई-पुण्याच्या माणसाच्या टाकीत कीड शिरली, तर संध्याकाळी तो दुकानात जाऊन औषध किंवा कीड खाणारा मासा घेऊन येतो. आपल्याकडे तीच वस्तू कुरिअरने यायला चार दिवस जातात, आणि मे महिना असला तर ती जिवंत पोचेल याचीही खात्री नसते. त्यामुळे कीड घरात येऊच न देणं, हा आपल्यासाठी एकमेव परवडणारा मार्ग आहे.

बहुतेक जण ‘डिप केला’ एवढ्यावर निर्धास्त होतात. औषधाच्या पाण्यात प्रवाळ बुडवला, दोन-चार किडे तळाला पडलेले दिसले की काम झालं असं वाटतं. पण डिप फक्त चालता-फिरता जीव मारतो. अंडी त्याला दाद देत नाहीत. माशांच्या रोगांच्या कवचबंद अवस्थाही देत नाहीत. टाकी वाचते ती पुढच्या अडीच महिन्यांत, नवा प्रवाळ वेगळ्या टाकीत पहाऱ्यात ठेवल्याने. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. कंदप्रक्रिया करून बेणं लावलं तरी तो बागेत चक्कर मारायचं सोडत नाही. प्रवाळाचंही तसंच धरा.

आधी कायद्याचं बोलू

भारतात कुठलाही प्रवाळ कुठूनही उचलून आणता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. कठीण प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही आहेत, त्यामुळे परदेशातून आणायचे तरी कागद लागतात. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ बहुतेक वेळा मेलेल्या कठीण प्रवाळाचा सांगाडाच असतो, तोही घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात, आणि त्यांच्यातून कीड येत नाही हा वरचा फायदा.

म्हणून इथे मी झोआ (म्हणजे झोअँथिड), मशरूम, लेदर आणि झेनिया या मऊ प्रवाळांबद्दलच लिहितो आहे. विकणाऱ्याकडून बिल आणि आयातीचे कागद मागा. ‘भो, कोण बघतंय?’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. ज्याला कायद्याची फिकीर नाही, त्याला तुमच्या टाकीतल्या किडीची कुठून असणार?

पाहुण्याची खोली: विलगीकरणाची टाकी

प्रवाळ मागवण्याच्या निदान तीन आठवडे आधी ही टाकी चालू करा. पार्सल दारात आल्यावर टाकी शोधायला लागणारे लोक शेवटी ते थेट मुख्य टाकीतच टाकतात.

१८ × १२ × १२ इंचांची साधी काचेची टाकी पुरते. काठोकाठ भरली तर ती ४२ लिटरची होते, म्हणजे वापरात ४० लिटर धरा. तळाला वाळू नको, दगड नको, सजावट नको. तळ उघडा असला की पडलेली गोगलगाय किंवा किडा लगेच दिसतो. प्रवाळ ठेवायला ट्यूबलाइटच्या जाळीचा पांढरा प्लास्टिकचा तुकडा पीव्हीसी पाइपच्या पायांवर बसवा. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतं.

गाळणीसाठी स्पंज फिल्टर आणि एक छोटा पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. स्पंज मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत) दोन-तीन आठवडे ठेवून मग इकडे आणला, तर जिवाणू तयार मिळतात. हा प्रवास एकाच दिशेने चालतो. मुख्य टाकीतून विलगीकरणात काहीही जाऊ शकतं, उलट दिशेने चमचाही नाही. याच नियमाने पाणी बदलायचीही सोय होते: मुख्य टाकीतून बदलताना निघालेलं जुनं पाणी इथे वापरा. त्यात थोडं नायट्रेट-फॉस्फेट असतं, आणि मऊ प्रवाळांना ते लागतं. अतिस्वच्छ पाण्यात मशरूम आक्रसून बसतात.

खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.३, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच. आकडा थोडा इकडे-तिकडे असला तरी चालेल. दिवसभरात तो हलता कामा नये.

गोड्या पाण्याबद्दल आपल्या भागात एक गैरसमज पक्का आहे. बोअरचं पाणी जड म्हणून घरी आरओ बसवलेला असतो, आणि तेच पाणी समुद्री मीठ कालवायला वापरलं जातं. घरगुती आरओत चव येण्यासाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरलची नळी असते, म्हणजे काढलेले क्षार ते यंत्र थोडेफार परत मिसळतं. मीटर लावून पाहा, ५०-१०० आकडा सहज दिसेल. आपल्याला शून्य हवं. मेंब्रेननंतरचं पाणी मिनरलच्या नळीच्या आधीच काढून डीआय रेझिनच्या, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांच्या कांडीतून सोडा.

उन्हाळा, कूलर आणि वीज

भुसावळ-जळगावचा मे म्हणजे ४४-४५ अंश. ४० लिटरची टाकी त्या हवेत बघता बघता ३२ च्या पुढे जाते. चिलर इतक्या छोट्या टाकीला परवडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा सोडणारा संगणकाचा पंखा मात्र आपल्याकडे फार चांगलं काम करतो, कारण एप्रिल-मेची हवा कोरडी असते आणि बाष्पीभवन जोरात होतं. हाच पंखा जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत निम्मंही काम करत नाही.

पण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. ४० लिटरमधलं २ लिटर उडालं, तर ३५ चा खारटपणा जवळजवळ ३७ होतो. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ शून्य टीडीएसचं गोडं पाणी टाकून त्या रेघेला आणा. मिठाचं पाणी टाकून भरपाई करू नका, खारटपणा आणखी चढेल.

डेझर्ट कूलरबाबत वेगळीच भीती आहे. माशांचा मखमली रोग, ज्याला आपण व्हेल्व्हेट म्हणतो, त्याचे सूक्ष्म जीव हवेतल्या तुषारांबरोबर उडतात, आणि वाहत्या हवेत ते ३ मीटरपर्यंत पोचल्याचं प्रयोगात दिसलं आहे. विलगीकरणाची टाकी आणि मुख्य टाकी एकाच हॉलमध्ये, मध्ये कूलरचा झोत, ही मांडणी टाळा. दुसरी खोली द्या. ती जमत नसेल तर झाकण लावा आणि वाऱ्याची दिशा मुख्य टाकीकडून इकडे ठेवा.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेड आणि पंखा त्यावर घ्या, दिवे बंद राहिले तरी बिघडत नाही. शेवटचा उपाय म्हणून बाटलीत पाणी गोठवून फ्रीजरमध्ये तयार ठेवा. बाटली बंदच तरंगवायची, बर्फ पाण्यात टाकायचा नाही. हिवाळ्यात उलटं होतं: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० च्या खाली जातो तेव्हा ५० वॅटचा हीटर लागतो.

एवढं सगळं वाचून लक्षात आलंच असेल की खरेदीचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टाकलेलं पार्सल सकाळी मिळतं, थर्माकोलच्या पेटीत तापमानही टिकतं. एप्रिलनंतर मागवलेला स्वस्त प्रवाळ महागात पडतो.

कोण कोण लपून येतं

झोआवरचा न्यूडिब्रँक हा सगळ्यात चिवट. ही कवच नसलेली गोगलगाय जी झोआ खाते त्याचाच रंग अंगावर घेते, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. दिवसा ती बुडाशी दडते, रात्री खाते. अंडी पांढरट, गुंडाळलेल्या रिबिनीसारखी, पॉलिपच्या (झोआच्या एकेका फुलासारख्या जिवाच्या) देठाला किंवा प्रवाळ ज्यावर चिकटवून विकतात त्या छोट्या बैठकीच्या, प्लगच्या, खाली चिकटवलेली असतात. झोआचा एखादा पुंजका कारण नसताना चार-पाच दिवस मिटून राहिला, तर आधी हिचा संशय घ्या.

सूर्यगोगलगाय, म्हणजे सनडायल, तिच्या चपट्या शंखावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांमुळे ओळखू येते. ती चिमट्याने उचलायची. झोआच्या देठांमध्ये बारीक पायांचे समुद्री कोळीही असतात, भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत.

मशरूम आणि लेदरवर तपकिरी ठिपके सरकताना दिसले तर ते चपटे किडे. त्यातला गंजासारखा लालसर, मागे दुभंगलेल्या शेपटीचा प्लॅनेरिया सगळ्यात त्रासदायक, कारण एकाचे दोन व्हायला त्याला जोडीदारही लागत नाही. शिवाय मोठ्या टाकीत ते हजारोंनी वाढल्यावर औषध टाकून एकदम मारले, तर मरताना सोडलेल्या विषाने मासेही जातात. दाराशीच अडवायचं ते यासाठी.

एप्टेशिया आणि मजानो ही तणासारखी वाढणारी समुद्रफुलं प्लगच्या कडेला दाण्याएवढी असतात. त्यांना डिपने काही होत नाही. फुटलेल्या तुकड्यातून नवीन एप्टेशिया उगवते, म्हणून नखाने खरवडू नका. व्हर्मेटिड गोगलगायीची कडक नळी फोडून वर सुपरग्लूचा थेंब टाकायचा. बुडबुडा-शेवाळ, व्हॅलोनिया, पाण्याबाहेर काढायचं, टाकीत फोडायचं नाही. केसाळ पायांचा, काळ्या नांगीचा खेकडा दिसला तर दयामाया नको. साधे केसाळ किडे, ब्रिसल वर्म, दिसले म्हणून लोक घाबरतात, पण ते सफाई करतात. राहू द्या, फक्त बोट लावू नका.

आणि जे दिसतच नाही ते सगळ्यात महत्त्वाचं: माशांचा पांढरा ठिपका रोग. त्याचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, प्रवाळाला काही करत नाही, पण त्याच्या गाठी, म्हणजे कवचबंद अवस्था, प्लग, दगड, शंख अशा कुठल्याही कडक पृष्ठभागावर चिकटून येतात. डिप त्यांना मारत नाही.

सामान आणि सुरक्षा

तीन पांढरे प्लास्टिकचे टब, टर्की बास्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) किंवा सुई काढलेली ५० मिलीची सिरिंज, मऊ टूथब्रश, भिंग, टॉर्च, जाड कात्री किंवा बोन कटर, सुपरग्लू जेल, नवे कोरडे प्लग, घड्याळ. टब पांढरेच घ्या, त्यात पडलेला किडा लपत नाही.

हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, याला पर्याय नाही. झोआच्या कुळातल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईच्या पॅलिथोआतून ते वेगळं केलं गेलं, आणि आजही ते माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांत गणलं जातं. बोटाला चीर असताना झोआ कापू नका. कापताना उडणाऱ्या पिचकारीपासून डोळे सांभाळा, तुकडा पाण्याखाली धरून कापलेला बरा. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. त्या वाफेने घरची घरं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. स्वयंपाकघराचा ओटा आणि तिथली भांडी या कामाला नाहीत. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर काम काढा.

औषध कुठलं

कोरल आरएक्स, रिव्हाइव्ह असे तयार डिप वनस्पतिजन्य अर्कांचे असतात. किडे सुटून पडावेत यासाठी हे चांगले. मात्रा बाटलीवर असते, तीच पाळा. तारीख बघून घ्या, आणि अर्धी वापरलेली बाटली उन्हाळाभर खिडकीत ठेवली असेल तर नवीन आणा.

आयोडीनचं काम वेगळं. ते जखम आणि जिवाणूंसाठी आहे, किडींवर फारसं चालत नाही. ५ टक्क्यांचं ल्यूगोल द्रावण लिटरला ५ ते १० थेंब, दहा मिनिटं. कापलेल्या झोआला, प्रवासात सोललेल्या लेदरला हे द्या. केमिस्टकडून पोव्हिडोन आयोडीन आणणाऱ्यांनी बाटली नीट वाचावी: स्क्रबमध्ये साबण असतो, गुळण्यांच्या औषधात चव असते, दोन्ही बाद. साधं द्रावणसुद्धा ल्यूगोलच्या हिशेबाने मोजू नका, त्यातल्या आयोडीनचं प्रमाण निराळं असतं.

झोआवर शेवाळाचे केस असतील तर केमिस्टकडचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड: एक भाग पेरॉक्साइड, दहा भाग टाकीचं पाणी, पाच मिनिटं. ६ टक्क्यांची बाटलीही विकली जाते, टक्केवारी बघा. झोआ आणि काही मशरूम हे सोसतात. लेदर आणि झेनियाला दाखवूही नका.

आता खास आपल्याकडच्यांसाठी. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये बागेच्या कीटकनाशकाने डिप करताना दिसतात. त्यात इमिडाक्लोप्रिड असतं, आणि कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी तेच इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे गावोगाव फवारलं जातं. ‘घरात बाटली आहेच, दोन थेंब टाकू’ हा मोह खान्देशात जितका होतो तितका मुंबईत होणार नाही. करू नका. व्हिडिओतलं मिश्रण आणि शेतीचं १७.८ टक्क्यांचं द्रावण यांत फार फरक आहे, आणि त्या मिश्रणात बऱ्याचदा दुसरं कीटकनाशकही असतं. प्रवाळाच्या घड्यांत राहिलेला अंश मुख्य टाकीतली कोळंबी आणि खेकडे संपवतो. फवारणीचा मग, बादली, सिरिंज यातलं काहीही टाकीजवळ आणू नका.

पार्सल उघडल्यापासून टाकीपर्यंत

पिशवी उघडण्याआधीच टॉर्च मारून बघा. पिशवीच्या तळाशी काही सरकतंय का, पाणी दूधट आहे का, वास येतोय का. फोटो काढा, विक्रेत्याशी बोलायला लागतो.

बंद पिशवी विलगीकरणाच्या पाण्यात २०-३० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या. मग उघडा, खारटपणा मोजा आणि पटकन काम उरका. थेंब थेंब पाणी सोडत दोन तास बसायची पद्धत लांबच्या पार्सलला उलटी पडते. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फार बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. खारटपणात दोन-तीन पीपीटीचाच फरक असेल तर दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार वेळा थोडं थोडं पाणी मिसळून प्रवाळ बाहेर काढा. पिशवीतलं पाणी कुठल्याच टाकीत नाही.

तीन टब मांडा. पहिल्यात टाकीचं १-२ लिटर पाणी आणि डिपचं औषध, दुसऱ्या-तिसऱ्यात नुसतं टाकीचं पाणी. इतकं थोडं पाणी मे महिन्यात पाच मिनिटांत तापतं आणि जानेवारीत गार होतं, म्हणून पहिला टब परातीत टाकीच्याच तापमानाच्या पाण्यात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम: जुना प्लग काढून टाकणं. अंडी, एप्टेशिया, व्हर्मेटिड, रोगाच्या गाठी, सगळ्यांचा मुक्काम प्लगवर आणि त्याच्या खालच्या खोबणीत असतो. मशरूम पातळ धारेच्या पात्याने खालून सोडवता येतं. झोआची चटई प्लगपासून हळूच उचलून निघते, न निघाली तर प्लगची कड बोन कटरने तोडा आणि शक्य तेवढा भाग फेका. लेदरचं खोड बुडाशी कापून वेगळं करता येतं. कापलेला भाग आयोडीनमध्ये दहा मिनिटं, मग पुढचं काम. डिपची मात्रा कितीही अचूक असली तरी जुना प्लग ठेवून केलेला डिप मी अर्धवटच मानतो.

डिपमध्ये प्रवाळ ठेवल्यावर त्याला एकटं सोडू नका. दर मिनिटाला सिरिंजने पाण्याचा झोत मारा: देठांच्या मधून, खालून, घड्यांतून. अर्धमेला किडासुद्धा चिकटून राहतो, तो झोताने सुटतो. झोआ आणि मशरूम दहा मिनिटं सोसतात. लेदरला पाच-सातच. झेनियाला मी औषधात घालतच नाही. ती पटकन ढासळते, तिला नुसत्या टाकीच्या पाण्यात झोत मारून धुतो आणि बाकी पहाऱ्यावर सोडतो. मशरूम भरपूर चिकट स्राव सोडतील, घाबरू नका, पण तो धुऊन काढा.

मग दुसऱ्या टबात अर्धं मिनिट हलवून धुणं, तिसऱ्यात पुन्हा. टब क्रमांक एकचं पाणी उजेडात निरखून बघा. काय पडलं याचा फोटो आणि तारीख लिहून ठेवा, पुढच्या डिपला तुलना करता येते. वापरलेलं पाणी संडासात ओता. विहिरीत, नाल्यात किंवा झाडाला नको.

नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने प्रवाळ चिकटवा. ओलसर बुड रुमालाने टिपून घेतलं तर चिकटतं. मशरूम ग्लूला जुमानत नाही, त्याला जाळीच्या झाकणाच्या वाटीत बारीक खडीवर आठवडाभर ठेवा, तो स्वतः पकड घेतो.

पहाऱ्याचे दिवस

पहिले तीन दिवस दिवा मंद, पुढे आठ तास. लेदर आठवडाभर मिटून राहील, अंगावर मेणचट पापुद्रा येईल आणि मग तो गळून पडेल. ही त्याची नेहमीची सवय आहे, त्यावर आणखी डिप देऊ नका.

झोआला मात्र पुन्हा डिप हवा. न्यूडिब्रँकची अंडी साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालण्याआधी त्याला गाठायचं असतं. म्हणून दर पाच-सात दिवसांनी, निदान चार वेळा. प्रत्येक वेळी भिंगाने प्लगच्या खालून बघा. रिबिनीसारखी अंडी दिसली तर टूथब्रशने नाही, तर ब्लेडच्या टोकाने खरवडून पाण्याबाहेर काढा. किडा किंवा अंडी दिसली की मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

रात्रीची फेरी चुकवू नका. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी, टॉर्चवर लाल प्लास्टिकचा कागद लावून बघा. पांढऱ्या उजेडात लपणारे बरेच जण लाल उजेडात निवांत फिरताना सापडतात.

एप्टेशिया उगवली तर जाड कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट सिरिंजने तिच्या तोंडावर घाला, पंप दहा मिनिटं बंद ठेवून. रसायन म्हणून ते चुनाच आहे हे खरं, पण पानटपरीवरची डबी आणू नका, तिच्यात आणखी काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. खाद्य दर्जाचं किंवा प्रयोगशाळेचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. एप्टेशिया प्रवाळाला अगदी खेटून असेल तर तेवढा भाग कापून फेकणं मला जास्त पटतं.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. अमोनिया पहिल्या पंधरवड्यात दोन-तीनदा तपासा, विशेषतः एखादा प्रवाळ वितळला असेल तर. मेलेला तुकडा त्याच दिवशी बाहेर. खायला देण्याची फार गरज नाही, आठवड्यातून चिमूटभर पावडर पुरे. खाणं जास्त झालं की ४० लिटरचं पाणी एका रात्रीत बिघडतं.

आता प्रश्न दिवसांचा. किडींसाठी चार ते सहा आठवडे पुरतात. पण मुख्य टाकीत मासे असतील तर पांढऱ्या ठिपक्याचा हिशेब वेगळा लागतो. त्याच्या गाठी काही वेळा ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद आहे, म्हणून मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस हा आकडा रूढ झाला. पाणी सतत २७ अंशांवर राहिलं तर ४५ दिवस पुरतात, असं अलीकडे बरेच जण मानतात, कारण उबेत त्यांचं चक्र वेगाने फिरतं. आपल्याकडे हिवाळ्यात पारा खाली-वर होतो, हीटर एखाद्या रात्री बंद पडतो, म्हणून मी ७६ च धरतो. ही मोजणी टाकीत शेवटची नवी वस्तू गेली त्या दिवसापासून. मधेच एक नवा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा, टाकला तर सगळ्यांची मोजणी पहिल्या दिवसावर येते. म्हणून प्रवाळ एकदमच मागवा, आणि या टाकीत ‘तात्पुरता’ म्हणून एकही मासा ठेवू नका, माशाशिवाय ते जीव उपाशी मरतात यावरच सगळा खेळ आहे.

सुटका आणि साफसफाई

शेवटच्या दिवशी एक डिप, दोनदा धुणं, आणि प्रवाळ मुख्य टाकीत. विलगीकरणाचं पाणी बरोबर जाऊ देऊ नका. मुख्य टाकीचा दिवा जास्त तेज असतो, म्हणून आधी खाली, सावलीत ठेवा आणि दोन आठवड्यांत वर न्या.

रिकामी झालेली टाकी, जाळी, पंप, सिरिंज ब्लीचच्या पाण्यात तासभर बुडवा, धुवा, आणि मग हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यातून काढा. स्पंज फेकून द्या. नंतर सगळं गच्चीवर उन्हात कोरडं करा. पूर्ण सुकलेल्या वस्तूवर पांढऱ्या ठिपक्याच्या गाठी जगत नाहीत, आणि मार्च ते जूनमध्ये आपल्या गच्चीवर सुकायला एक दिवसही लागत नाही. पंप आणि हीटरच्या वायरी तेवढ्या सावलीत ठेवा, प्लास्टिक तडकतं. पावसाळ्यात मात्र ओलावा राहतो, तेव्हा घरात पंख्याखाली तीन-चार दिवस द्या आणि पंपाचं झाकण उघडून आतला चुंबकही कोरडा झालाय का ते बघा. या टाकीच्या प्रत्येक वस्तूवर लाल चिकटपट्टी लावून ठेवली, की घरातलं दुसरं कोणी पाणी भरताना तीच जाळी मुख्य टाकीत घालणार नाही.